राणीचा खुबा

राणीच्या मागच्या उजव्या पायाचे केस भादरले तेव्हा मांडी किती वाळली होती ते दिसलं. 32 किलोची लॅब्रेडॉर, आणि पाय जणू दुसऱ्याच कुठल्या तरी मरतुकड्या कुत्रीचा. पळताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची, सशासारखी. घरच्यांना त्याचं कौतुक वाटायचं. खरं तर खुब्याची वाटी उथळ होती, गोळा सैल, आणि वर्षानुवर्षं झीज चालू होती.

‘उखळीचा सांधा’ शाळेत पाठ केला होता. उखळ त्या दिवशी पाहिलं. सर्जननी स्नायू बाजूला सारले, पाय बाहेर वळवला, करवतीने मांडीच्या हाडाचा गोळा कापून ट्रेमध्ये ठेवला. निरोगी गोळा सोललेल्या ताडगोळ्यासारखा गुळगुळीत असतो. हा चपटा, पिवळट, आणि माथ्यावर टिकलीएवढी जागा हस्तिदंतासारखी चकाकत होती. तिथे कूर्चा संपली होती. हाडावर हाड घासून पॉलिश झालं होतं.

आपल्याकडे बरेचदा काम इथेच थांबतं. गोळा काढायचा, कृत्रिम सांधा बसवायचाच नाही. त्याच्या जागी चिवट पेशीजाल तयार होतं. स्वस्त पडतं, आणि हलक्या कुत्र्याला पुरतंही. राणीसारखीला मात्र पूर्ण सांधा हवा. माणसांत जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकात रुजवलेली ही पद्धत 1970च्या दशकात कुत्र्यांपर्यंत आली.

रीमरने वाटी खोल केली. मग सिमेंट. मदतनीस भुकटी आणि द्रव एकत्र ढवळू लागला तसा कवळीवाल्याकडे येतो तो उग्र वास पसरला. कवळीही याच जातीच्या ॲक्रिलिकची. मिश्रण कणकेसारखं झालं, प्लॅस्टिकची वाटी दाबून बसवली, आणि त्यातलीच एक गोळी मदतनीसाने चिमटीत धरून ठेवली. ती तापली, मग टणक झाली. “झालं,” तो म्हणाला. तोवर सर्जनचा हात वाटीवरून हलला नव्हता. धातूचा दांडाही तसाच बसला. नवा गोळा वाटीत गेल्यावर त्यांनी पाय चहूकडे फिरवून पाहिला. निसटला नाही.

माणसाला वॉकर देता येतो, ‘पाय टेकू नका’ म्हणता येतं. राणी शुद्धीवर आली की पाय टेकणारच. सगळी भीती घसरण्याची.

बाहेर येऊन सर्जननी राणीच्या मालकिणीला पहिलं विचारलं, “काकू, घरात फरशी कसली?”

“नवीन बसवलीय. चकचकीत.”

संध्याकाळी काकूंनी सोसायटीतून नऊ सतरंज्या गोळा केल्या.