अल्गोरिदमचा अभ्यास : यंत्राआधी विचार

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात छत्रपती संभाजीनगरला मानाचे स्थान आहे. १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. हे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला 'अल्गोरिदम' या विषयाला केव्हा ना केव्हा सामोरे जावे लागते. खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला या विषयाचे विशेष भय वाटते. महागडा संगणक आणि सफाईदार इंग्रजी यांवाचून तो साधणार नाही, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः हा विषय यंत्राचा नसून विचाराचा आहे.

परिचित रीत

दिलेला प्रश्न निश्चितपणे सोडविणाऱ्या सुस्पष्ट आणि मर्यादित पायऱ्यांची मालिका म्हणजे अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदाद येथे कार्य करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द रूढ झाला. शाळेत भागाकार पद्धतीने मसावि काढणारा प्रत्येक विद्यार्थी अल्गोरिदमच वापरीत असतो. २५२ आणि १०५ या संख्या घ्या. २५२ ला १०५ ने भागता बाकी ४२ उरते. १०५ ला ४२ ने भागता २१ उरते. ४२ ला २१ ने निःशेष भाग जातो. म्हणून मसावि २१. ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आढळते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितलेली कुट्टक पद्धतीही अशाच परस्पर भागाकारावर आधारलेली आहे.

विद्यापीठीय अभ्यासक्रम याच्या पुढचे प्रश्न विचारतो. ही रीत नेहमीच अचूक उत्तर देईल, हे सिद्ध कसे करावे? तिला किती पायऱ्या लागतील? याहून चांगली रीत संभवते काय?

रीतीचे मोल

समजा, एक लाख नावे वर्णानुक्रमे लावावयाची आहेत. प्रत्येक नावाची इतर प्रत्येक नावाशी तुलना केल्यास सुमारे ५०० कोटी तुलना होतील. यादीचे निम्मे निम्मे भाग करीत जाऊन, लावलेले भाग पुन्हा एकत्र गुंफीत आणल्यास सुमारे १७ लाख तुलनांत काम भागते. ही दुसरी रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. यादी एकदा क्रमाने लागली, की तीत कोणतेही नाव शोधण्यास १७ तुलना पुरेशा होतात.

दुसरे उदाहरण आपल्या दुष्काळी भागातील घेऊ. एका टँकरने २० गावांना क्रमाने भेट द्यावयाची असून एकूण अंतर कमीत कमी हवे आहे. सर्व क्रम तपासावयाचे ठरविल्यास, सेकंदाला १०० कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्रालाही सुमारे ७७ वर्षे लागतील. यंत्र दसपट वेगवान केले, पण एकच गाव वाढले, तर काळ घटण्याऐवजी १६० वर्षांवर जातो. याउलट, १९६२ मध्ये हेल्ड व कार्प यांनी मांडलेल्या रीतीत लहान गटांची उत्तरे जपून ठेवून त्यांवरून मोठी उत्तरे काढली जातात. तिला २० गावांसाठी सुमारे ४२ कोटी पायऱ्या, म्हणजे त्याच वेगाने एका सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो.

मात्र गावे ६० झाली, की ही रीतही लाखाहून अधिक वर्षे मागते. अशा प्रश्नांना मुळात जलद रीत आहे किंवा नाही, हा प्रश्न १९७१ मध्ये स्टीफन कुक यांच्या संशोधनामुळे ऐरणीवर आला. तो अद्याप अनुत्तरित आहे. तोवर अचूकतेचा आग्रह थोडा सैल करून, समाधानकारक मार्ग लवकर शोधणाऱ्या रीतींचा अवलंब करावा लागतो.

अभ्यासाची दिशा

या विषयाची पूर्वतयारी म्हणून गणिती विगमन, लॉगरिदम आणि संभाव्यता यांची उजळणी करावी. नवी रीत समोर येताच प्रथम पाचसहा संख्या घेऊन ती कागदावर चालवून पाहावी, पायऱ्या मोजाव्यात, ती कोठे फसेल याचा शोध घ्यावा आणि मगच प्रोग्राम लिहावा. पाठ केलेला प्रोग्राम परीक्षेत प्रश्न किंचित बदलला, तरी साथ सोडतो. पारिभाषिक शब्द इंग्रजी असले, तरी रीत का चालते हे प्रथम आपल्या मराठीत मांडून पाहावे. ते मांडता आले, की इंग्रजी ग्रंथातील सिद्धता तितकीशी दुर्बोध राहत नाही. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरही या विषयाची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात.

यंत्रे जुनी होतात आणि संगणकाच्या भाषाही बदलतात. परंतु युक्लिडची रीत दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही उपयोगात आहे. वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या साधनांवर या अभ्यासाचा आरंभ करता येतो, हे मराठवाड्यातील प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याने ध्यानी घ्यावे.