औषधाची चाचणी आणि हृदयाचे ठोके



लागणीच्या नोंदी घेत आम्ही शिवारात फिरत होतो, तेव्हा एका सभासदाने बांधावरच गाठले. "साहेब, थोरल्या भावाला दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीसाठी सही मागतायत. निम्म्या लोकांना म्हणे औषध नसलेलीच गोळी देणार. ही काय माणसांची चेष्टा आहे का?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण चाचणी प्लॉट घेणे हे आमचे नेहमीचेच काम, म्हणून वाचून-विचारून मिळालेली माहिती येथे देत आहोत.

उसाला उशिरा युरिया टाकला की पान काळेभोर होते, बघून मन खूश होते. पण गाळपाला साखर उतारा कमी बसतो. म्हणूनच आपण शेजारी तो डोस न दिलेला प्लॉट ठेवतो. तुलना केल्याशिवाय खरेखोटे कळत नाही.

हृदयाचे ठोके बारीकशा विजेवर चालतात. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या काही जणांत मध्येच जादा ठोके पडतात, आणि असे रोगी अचानक दगावण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा जादा ठोके दाबले की माणूस वाचेल, असा हिशेब होता. एन्केनाइड व फ्लेकेनाइड या गोळ्या ठोके चांगले दाबत. अमेरिकेत त्या वापरातही होत्या.

1987 साली तेथील सरकारी हृदय संस्थेमार्फत 'कास्ट' नावाची चाचणी सुरू झाली. ज्यांचे ठोके गोळीने खरोखर कमी झाले, अशांचेच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. 755 जणांना या दोहोंपैकी एक औषध, 743 जणांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. सरासरी 10 महिन्यांत औषधवाले 63 दगावले, बिनऔषधी गोळीवाले 26. एप्रिल 1989 मध्ये ही दोन्ही औषधे चाचणीतून थांबविण्यात आली.

असे का झाले? ॲटॅकने हृदयाच्या स्नायूत वण पडतो. औषधाने मंदावलेली वीज त्या वणाभोवती भोवऱ्यासारखी फिरत राहते व ठोक्यांची लय मोडते, असे तज्ज्ञ मानतात. ठोके मोजले असते तर औषध पास झाले असते. माणसे मोजली म्हणून दोष सापडला, आणि तोही बिनऔषधी गोळीचा गट शेजारी होता म्हणूनच.

पुढे टर्फेनाडीन ही ॲलर्जीची साधी गोळीसुद्धा काही इतर औषधांबरोबर घेतल्यास ठोके बिघडवते असे आढळले. 1998 मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. 2005 साली नव्या औषधाचा ईसीजीवरील परिणाम तपासण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ठरली.

सही मागितली तर सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

1. कागद आपल्या भाषेत समजून घ्यावा. धोका काय, हे विचारावे. घाई करू नये.
2. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते.
3. आपल्या देशात 2019 च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे.
4. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. चक्कर, धडधड लपवू नये.

आणि हे वाचून घरातली हृदयाची गोळी कोणी परस्पर बंद करू नये. फ्लेकेनाइडसुद्धा वण नसलेल्या हृदयाच्या काही रोग्यांना आजही डॉक्टर देतात. शंका आली तर आधी डॉक्टरांना भेटावे.