बेघरांची सेवा आणि यशया ५८:७

नाताळाच्या सुमारास बडोद्याच्या रेल्वे स्थानकाबाहेर कांबळी वाटून आम्ही समाधानाने परततो. यशया ५८:७ मात्र निराश्रितास घरी आणावयास सांगतो. ते फार अवघड आहे. छप्पनिया दुष्काळात, १९०० साली, पंडिता रमाबाईंनी गुजरातेतील शेकडो निराधार मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला व उद्योगही शिकविले. आम्हांस तेवढे सामर्थ्य नाही, हे कबूल. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० पासूनच्या आदेशांनुसार मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक, २४ तास उघडे निवारागृह हवे. बडोद्याची वस्ती २०११ सालीच १६ लाखांवर होती. म्हणून धर्मशिक्षकाने पदपथावरील माणसाचे प्रथम नाव विचारावे, त्याच्यासोबत निवारागृहापर्यंत चालत जावे आणि तेथे जागा नाकारल्यास महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी.