भिवंडी कोणत्या खात्यात गेली?

आजचा भाग हिशेबाचा आहे. पण घाबरू नका, आकडे मोजकेच आहेत.

भिवंडी इंग्रजांनी लढून घेतली असं बरेच जण मला सांगतात. तसं नाही. १३ जून १८१७ च्या पुणे तहात, म्हणजे खडकीच्या लढाईआधी पाचेक महिने, दुसऱ्या बाजीरावाने कल्याण आणि तिथून वर गुजरातपर्यंतचा सह्याद्री-समुद्रामधला मुलूख कंपनीला लिहून दिला. कशापोटी? ५,००० घोडेस्वार आणि ३,००० पायदळाच्या खर्चापोटी. एकूण ३४ लाखांच्या उत्पन्नाची तजवीज होती, त्यात आपलं उत्तर कोकण. त्याआधी १८०२ च्या वसईच्या तहातही तैनाती फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख गेलाच होता.

आता वही उघडा. रोख दिले असते तर जमेला ३४ लाख, खर्चाला 'लष्कर' म्हणून ३४ लाख. मुलूखच दिला, की दोन्ही ओळी पुसल्या जातात! वही बघणाऱ्याला वाटतं, पेशव्याचं उत्पन्न घटलं आणि फौजेवर तर काहीच खर्च नाही. उद्या फौज कमी लागली तरी मुलूख परत येत नाही. वसूल वाढला तर वाढ कंपनीची.

बरं, हे लाख मोजले कुठून? बाजीराव वसुली इजाऱ्याने द्यायचा. जास्त बोली लावेल त्याला महाल. म्हणजे आकडा बोलीचा, पिकाचा नव्हे. १८०३ मध्ये तर आधी दिलेल्यातला काही मुलूख बदलून बुंदेलखंड दिलं, कागदावर ३६ लाख १६ हजारांचं. तिथे पेशव्याचा अंमल बव्हंशी नावापुरताच. इंग्रजांना तो लढून बसवावा लागला. अशा मुलखाला हजारापर्यंत आकडा लावणाऱ्या कारकुनाचं मला कौतुकच वाटतं.

हाँगकाँगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पद्धत वेगळी होती: वसाहतीच्या उत्पन्नाचे २० टक्के लष्कराला. तिथे खोट दुसरीकडे. समजा, सरकारने पाणी विकून १०० मिळवले, त्यावर ८० खर्च झाले. पूर्ण १०० जमेला धरले तर लष्कराला २०, म्हणजे सगळी शिल्लक साफ. खर्च आधीच वजा करून नुसते २० दाखवले तर लष्कराला ४. पाणी तेच, नळ तोच. मग कोणता हिशेबनीस १०० लिहील?

इजारदारांबद्दल पुढच्या भागात बोलू.