ओव्हरड्राफ्टचें ओझें आणि शून्य व्याजाचें कार्ड

आमच्या वाचकांपैकीं बऱ्याच जणांचें बँकेंत ओव्हरड्राफ्टचें अथवा कॅश क्रेडिटचें खातें असतें. विहीर, पाइपलाइन, घरांतील लग्नकार्य अशा कारणांनीं एकदां उचललेली रक्कम त्यांत वर्षानुवर्षें पडून राहते व दर महिन्यास व्याज मुद्दलास मिळतें. त्याच शेतकऱ्याच्या नांवें किसान क्रेडिट कार्ड असतें, किंवा मिळण्याजोगें असतें, आणि त्यावरील पीककर्ज मुदतींत फेडल्यास महाराष्ट्रांत ३ लाख रुपयांपर्यंत व्याज पडत नाहीं. तेव्हां महाग कर्ज या बिनव्याजी कर्जावर कां नेऊं नये, असा प्रश्न सहजच मनांत येतो. न्यावें, असेंच आमचें मत आहे; परंतु तें कोणत्या वाटेनें न्यावयाचें हें न कळल्यास लाभाच्या जागीं तोटा पदरीं येतो.

शून्य व्याज म्हणजे बँकेनें केलेला धर्म नव्हे. किसान क्रेडिट कार्ड १९९८ सालीं निघालें. २००६-०७ पासून केंद्र सरकार बँकांस व्याजाचा कांहीं भाग भरून देऊं लागलें, म्हणून पीककर्ज शेतकऱ्यास ७ टक्क्यांनीं मिळतें. मुदतींत फेड करणारास केंद्राकडून आणखी ३ टक्क्यांची सूट २०११-१२ पासून आहे. त्यापुढें डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनें २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचा उरलेला भार राज्य सरकारनें उचलला. यावरून ध्यानांत येईल कीं, यांतील ७ टक्क्यांचा दर सर्वांस आहे. शून्याचा मात्र केवळ वेळेवर फेडणारास. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पांत ही मर्यादा ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली. आपला हिशेब मात्र घोषणेवर न मांडतां शाखेच्या लेखी मंजुरीवर मांडावा.

आतां मुख्य गोष्ट. कार्डावरून रक्कम काढून ती तशीच ओव्हरड्राफ्टमध्यें भरावी, हा मार्ग खरा नव्हे. पीककर्ज लागवडीसाठीं आहे. व्याजाची सवलतहि त्याच हेतूस बांधलेली आहे. कार्डाची मर्यादा पिकाचा एकरी अथवा हेक्टरी ठरलेला कर्जदर गुणिले क्षेत्र अशी काढतात. तींत घरखर्चासाठीं १० टक्के व अवजारें वगैरेंच्या दुरुस्तीसाठीं २० टक्के मिळवितात. एवढ्या भागांत घरची गरज बसते, अधिक नाहीं. सबब जुनें कर्ज हलवूं नये, नवा खर्च हलवावा. बीं, खत, औषधें, मजुरी यांसाठीं आजवर ओव्हरड्राफ्टमधून पैसे काढीत असल्यास ते यापुढें कार्डावरून काढावे, आणि पीक विकून हातीं येणारा पैसा कार्डाच्या मुदतीपर्यंत ओव्हरड्राफ्टमध्यें भरून ठेवावा. या खात्यावर व्याज रोजच्या बाकीवर चढतें. म्हणून पैसा तेथें जितके दिवस पडेल तितके दिवसांचें व्याज वांचतें.

उदाहरणार्थ, ओव्हरड्राफ्टची बाकी २,००,००० रुपये व दर १२ टक्के धरूं. सोयाबीन व तूर यांच्या लागवडीस १,५०,००० रुपये लागतात. हे जूनच्या आरंभीं ओव्हरड्राफ्टमधून काढून डिसेंबरच्या आरंभीं भरल्यास सहा महिन्यांचें व्याज ९,००० रुपये होतें. कार्डावरून काढल्यास तें वांचलें. कार्डाची मुदत मार्चअखेर असली, तर विक्रीचे १,५०,००० रुपये चार महिने ओव्हरड्राफ्टमध्यें ठेवल्यानें आणखी ६,००० वांचले. एकूण १५,००० झाले. ही रक्कम जुन्या मुद्दलांत भरली तरच कर्ज खरोखर हललें म्हणावयाचें. ती ट्रॅक्टरच्या सजावटींत गेली तर दोन कर्जें मात्र उभीं राहतात!

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. ओव्हरड्राफ्टमध्यें ठेवलेला पैसा मुदतीच्या वेळीं पुन्हां काढतां आला पाहिजे. खात्याचें नूतनीकरण त्याच सुमारास येत असेल, किंवा मर्यादा कमी होण्याचा संभव असेल, तर तो पैसा तेथें न ठेवतां सरळ कार्डावर भरावा. चार महिन्यांच्या व्याजाच्या लोभानें तारीख चुकविणें परवडत नाहीं. वरील कर्जावर दहा महिन्यांचें ७ टक्क्यांनीं ८,७५० रुपये व्याज अंगावर येतें, व मुदतीपुढें बँकेचा नेहमींचा दर लागतो. शिवाय थकबाकीदारास पुढील खरिपास नवें कर्ज मिळत नाहीं. मग ओव्हरड्राफ्टच काय, सावकाराचा उंबरठाहि झिजवावा लागतो.

गांवोगांवीं चालणाऱ्या 'नव्या-जुन्या'विषयीं येथेंच सांगणें भाग आहे. मुदतीच्या आदल्या दिवशीं आडत्याकडून वा सावकाराकडून रक्कम आणून कर्ज भरावयाचें व नवी उचल मिळतांच त्याची फेड करावयाची, ही ती रीत. पैसा आठ दिवसांचा असला तरी व्याज पुष्कळदां पुऱ्या महिन्याचें घेतात. शेंकडा ३ रुपये धरले तरी दीड लाखावर ४,५०० होतात, आणि नवी मंजुरी दुसऱ्या महिन्यांत गेली कीं ९,०००. वर्षभर जपून वांचविलेल्या पंधरा हजारांचा मोठा भाग अशा रीतीनें एका आठवड्याच्या कामीं जातो. पीक विकलें त्या दिवशींच कार्डाची रक्कम निराळी काढणें हाच यावर उपाय.

कर्जमाफीच्या आशेनें मुद्दाम थकविणारेहि आम्हांस ठाऊक आहेत. २०१७ च्या योजनेंत दीड लाखापर्यंत व २०१९ च्या योजनेंत २ लाखांपर्यंत माफी झाली, हें खरें. नियमित फेडणारांसहि पहिलींत २५ हजारांपर्यंत व दुसरींत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरविलें होतें. पण माफी कोणत्या तारखेच्या थकबाकीस लागेल हें आधीं कोणासहि कळत नाहीं. ओव्हरड्राफ्टचें व्याज मात्र रोज कळतें.

शाखेंत जातांना मुदतीची नेमकी तारीख लिहून घ्यावी. राज्याची सवलत आपल्या खात्यास लागू आहे कीं नाहीं, आणि व्याज आधीं भरून घेऊन सवलत मागाहून जमा करतात काय, हेंहि विचारावें. तसें असल्यास मुद्दलाबरोबर व्याजाचीहि रोकड हातीं ठेवावी लागेल. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागावयाचें नाहीं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. जुनें देणें बँकेचें नसून सावकाराचें असेल, तर पीककर्जाची ही वाट त्यास पुरी पडत नाहीं. सावकारी कर्जांत अडकलेल्या शेतकऱ्यांस दिलेलें कर्ज बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जांत मोडतें, त्यासाठीं निराळा अर्ज करावा.