किनाऱ्यावरील बांधकामाचा ध्वनी व सागरी सस्तन प्राणी

कृष्णा-पंचगंगा संगमाजवळच्या कुरुंदवाडास 'सुसर' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. कृष्णाकाठी त्याचा अर्थ मगर किंवा मगरीसारखा जलचर असाच होतो. परंतु ज्या संस्कृत 'शिंशुमार' शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून हिंदीतील 'सूँस' हा शब्दही आला आहे, आणि गंगाकाठी सूँस म्हणजे डॉल्फिन. कृष्णेत डॉल्फिन नाही. त्यामुळे मराठीत शब्द राहिला आणि त्याने आपला प्राणी बदलला. कुरुंदवाडाच्या नद्या सह्याद्रीत, अरबी समुद्रापासून फार लांब नसलेल्या भागात उगम पावतात, पण त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जातात. देशावरील अभ्यासकास सागरी सस्तन प्राण्यांचा प्रश्न परका वाटतो, यात या भूगोलाचा वाटा आहे. तथापि प्रश्न महाराष्ट्राचाच आहे, आणि त्याचा गाभा प्राणिशास्त्राइतकाच ध्वनिशास्त्रात आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत नित्य वास्तव्य करणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांत दोन जाती प्रमुख होत. पहिली, पाठीवर उंचवटा असलेला कुबडा डॉल्फिन. हिंदी महासागरातील या जातीस २०१४ साली पूर्वेकडील चिनी जातीपासून निश्चितपणे वेगळे मानण्यात आले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. दुसरी, पृष्ठपर नसलेला पॉरपॉइज. हा आकाराने लहान असून पाण्याबाहेर फारच थोडा डोकावतो. समुद्रात किंचित लाट असली तरी सरावलेल्या निरीक्षकाच्या नजरेतूनही तो सुटतो. कुबडा डॉल्फिन बहुधा पंचवीस मीटरांहून उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून काही किलोमीटरांच्या पट्ट्यात आणि खाड्यांच्या मुखांशी राहतो. खोल समुद्र त्याला जवळ असूनही तो त्याचे घर नव्हे. बंदरे, धक्के, पूल, भराव आणि लाटरोधक बंधारे यांसाठी मनुष्य जो पट्टा निवडतो, नेमका तोच पट्टा या प्राण्याच्या वाट्यास आलेला आहे. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मुंबईत शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचा सुमारे १६.५ किलोमीटर भाग पाण्यावर आहे. किनारी मार्गाच्या कामात हाजी अली व वरळी येथील प्रवाळ २०२० साली उचलून अन्यत्र रुजविण्यात आले. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. या योजनेत सुमारे १,४४८ हेक्टर भराव आणि सुमारे दहा किलोमीटर लांबीचा लाटरोधक बंधारा अंतर्भूत आहे. प्रवाळ स्थिर असल्याने त्यांची मोजदाद होते आणि ते हलविताही येतात. डॉल्फिनांबाबत असा उपाय संभवत नाही. त्यांच्यापुरता प्रश्न एवढाच उरतो की, काम चालू असताना त्यांच्या कानांवर काय आदळते.

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. प्रकाश गढूळ पाण्यात काही मीटरांतच विझतो, ध्वनी मात्र अनेक किलोमीटर जातो. म्हणूनच दंतधारी तिमिवर्गीय प्राण्यांनी दृष्टीचे बहुतेक काम श्रवणाकडे सोपविले आहे. पॉरपॉइज सेकंदास सुमारे सव्वा लक्ष कंपनांचे बारीक टिकटिक ध्वनी सोडतो व त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा, तळ आणि जाळे ओळखतो. अशा प्राण्याच्या कानास इजा होणे म्हणजे भूचर प्राण्याचे डोळे जाण्यासारखेच आहे.

येथे डेसिबल या परिमाणाविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. हवेत डेसिबल २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत मोजतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलच्या तुलनेत. एवढ्यानेच २६ डेसिबलांचा फरक पडतो. शिवाय पाण्याचा ध्वनिसंरोध हवेच्या सुमारे ३,६०० पट असल्याने समान तीव्रतेच्या दोन ध्वनींत आणखी सुमारे ३६ डेसिबलांचे अंतर राहते. वर्तमानपत्रांतून पाण्यातील २०० डेसिबल आणि विमानाचे १४० डेसिबल यांची जी सरळ तुलना आढळते, ती या ६२ डेसिबलांचा विचार न केल्यामुळे निरर्थक ठरते.

पोलादी पाइल घणाने ठोकताना प्रत्येक आघातागणिक पाइलच्या भिंतीतून दाबाची लाट खाली धावते आणि सभोवतालच्या पाण्यात व तळाच्या मातीत शिरते. या ध्वनीची बहुतांश ऊर्जा सेकंदास शंभर ते दोन हजार कंपनांच्या आत असते. पॉरपॉइजचा कान या खालच्या पट्टीत मंद असतो. म्हणून धोक्याची मर्यादा ठरविताना प्राण्याच्या श्रवणक्षमतेनुसार ध्वनीस भार देण्याची पद्धत रूढ झाली असून अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने २०१६ साली ती मार्गदर्शिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. परंतु कायमची श्रवणहानी ही एक गोष्ट, आणि भिऊन पळणे, आहार सोडणे, पिल्लू मागे राहणे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारचा परिणाम कितीतरी क्षीण ध्वनीनेही होतो. डेन्मार्कजवळ हॉर्न्स रेव्ह येथील दुसऱ्या पवनक्षेत्राच्या उभारणीत २००८ साली केलेल्या नोंदींवरून असे आढळले की, पाइल ठोकल्यानंतर पहिल्या तासात २.६ किलोमीटरांवरील पॉरपॉइजांचे ध्वनी पूर्णपणे थांबले. ते पूर्ववत् होण्यास २४ ते ७२ तास लागले, आणि परिणामाची व्याप्ती सुमारे १८ किलोमीटरांपर्यंत पोहोचली होती. दररोज एक पाइल ठोकल्यास तेथील प्राणी परत येण्यापूर्वीच पुन्हा हाकलले जातात, हे यावरून उघड होते.

उथळ पाण्यात अंतर दसपट झाले की ध्वनिपातळी सुमारे १५ डेसिबलांनी घटते, असा व्यवहारातील ढोबळ नियम आहे. उलट, आघातांची संख्या दुप्पट झाली की संचित ऊर्जा ३ डेसिबलांनी वाढते. म्हणजे तीसपट आघात सोसणे हे दसपट जवळ जाण्याइतकेच घातक होय. आता एखाद्या उपायाने मूळ ध्वनी १० डेसिबलांनी कमी केला असे धरू. तर बाधित क्षेत्राची त्रिज्या सुमारे ४.६ पट लहान होते. खुल्या समुद्रात क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने बाधित क्षेत्र एकवीस पटींनी आकुंचित होईल. परंतु ज्या प्राण्याचे घर किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे, त्याच्या बाबतीत ही त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीहून मोठी असेपर्यंत लाभ फक्त ४.६ पटच राहतो, कारण त्याचे जग लांबीतच मोजावयाचे असते. शिवाय बाधेची त्रिज्या दहा किलोमीटर असेल तर पट्टा मधोमध तुटतो. उत्तर समुद्रातील पॉरपॉइजास वळसा घालून जाता येते, पण कोकणच्या कुबड्या डॉल्फिनास तो वळसा खोल समुद्रातून घ्यावा लागेल. युरोपातील मर्यादा जशाच्या तशा उचलून येथे लावणे का धोक्याचे आहे, हे या गणितावरून ध्यानात यावे.

खोलीचा मात्र एक अनुकूल परिणाम आहे. तळ कठीण मानल्यास ज्या ध्वनीची तरंगलांबी पाण्याच्या खोलीच्या चौपटीहून जास्त आहे, तो दूरवर जाऊच शकत नाही. दहा मीटर खोलीत ही सीमा सेकंदास सुमारे ३८ कंपने येते, तर तीन मीटर खोलीत १२५. चिखल अथवा वाळूच्या तळावर ती याहूनही वर सरकते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हा नियम पडताळण्यासाठी समुद्रकिनारी जाण्याचीही गरज नाही. उन्हाळ्यात कुरुंदवाडच्या घाटापाशी नदी संथ असताना दोन जलध्वनिग्राहक आणि पाण्यात रोवलेली एक लोखंडी नळी एवढ्यावर तो अजमावता येईल. नदीतील मगरींचे भान ठेवावे लागेल, एवढेच.

बुडबुड्यांचा पडदा हा आजचा सर्वांत परिचित उपाय. पाइलभोवती तळाशी छिद्रे पाडलेली नळी टाकून तिच्यातून दाबाची हवा सोडतात. त्याची क्रिया विलक्षण आहे. पाण्यात आकारमानाने केवळ १ टक्का हवा मिसळली तरी त्या मिश्रणातील ध्वनीचा वेग १,५०० वरून सुमारे १२० मीटरांवर येतो, म्हणजे तो हवेतील वेगाहूनही कमी होतो. अशा थराच्या सीमेवर ध्वनी परावर्तित होतो. याखेरीज प्रत्येक बुडबुडा घंटेप्रमाणे स्वतःच्या कंपनसंख्येने थरथरतो आणि त्या कंपनसंख्येच्या ध्वनीची ऊर्जा शोषून घेतो. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ साली दिलेल्या सूत्रानुसार पृष्ठभागाजवळ १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंपनसंख्या सुमारे ३,२६० असते, १ सेंटिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची त्याच्या एकदशांश.

कोकणाशी सर्वांत जवळचे साम्य असलेला प्रयोग हाँगकाँगच्या पश्चिमेकडील गढूळ, उथळ पाण्यात १९९६ साली विमान-इंधनाच्या धक्क्याच्या बांधकामात झाला. तेथील डॉल्फिन कुबड्या डॉल्फिनांच्याच प्रजातीतील होत. बुडबुड्यांच्या पडद्याने एकूण ध्वनी केवळ ३ ते ५ डेसिबलांनी घटला, परंतु ४०० ते ६,४०० कंपनांच्या पट्टीत, म्हणजे डॉल्फिनांस अधिक ऐकू येणाऱ्या भागात, घट सर्वाधिक होती. पाइल ठोकणे चालू असतानाही प्राणी परिसरात आढळले. तरीही ठोकण्याच्या काळात त्यांचा पोहण्याचा वेग वाढलेला आढळला, आणि पडद्यामुळे बाधा पूर्णतः टळली नाही असाच निष्कर्ष निघाला. उत्तर युरोपातील नंतरच्या पडद्यांनी याहून पुष्कळ अधिक घट साधली आहे. जर्मनीने तर आघातस्थानापासून ७५० मीटरांवर एका आघाताची ध्वनिमात्रा १६० व शिखरदाब १९० डेसिबलांहून अधिक असू नये, असा दंडकच घालून दिला. परंतु मुंबईच्या परिसरात उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. खाडीमुखाच्या वेगवान ओढीत बुडबुडे वाहून जातात आणि पडद्यास एका अंगाने खिंडार पडते. तळाच्या मातीतून जाणारा ध्वनी तर पडद्याखालून निसटून पलीकडे पुन्हा पाण्यात येतो. म्हणून येथे पडदा वापरावयाचा तर भरती-ओहोटीच्या संथ संधीकाळी ठोकणे, अथवा बुडबुडे पोलादी वा कापडी आवरणात कोंडणे, हे ओघानेच आले.

दुसरा उपाय निरीक्षणाचा. ब्रिटनच्या २०१० सालच्या मार्गदर्शक नियमांनुसार पाइलभोवती किमान ५०० मीटरांच्या क्षेत्रावर ३० मिनिटे लक्ष ठेवावे, प्राणी दिसल्यास आरंभ लांबवावा, आणि नंतर किमान २० मिनिटे घणाची शक्ती हळूहळू वाढवावी, असे सांगितले आहे. सेकंदास दोन मीटर वेगाने दूर जाणारा प्राणी वीस मिनिटांत २.४ किलोमीटर जातो, हा या हळुवार आरंभाचा आधार. यात प्राण्यास दूर जाण्याची वाट मोकळी आहे असे गृहीत धरलेले आहे. खाडीच्या मुखाशी घण चालू झाला आणि डॉल्फिन आतल्या अंगास असले, तर ते समुद्राकडे न जाता जमिनीकडे सरकतील आणि ओहोटीत चिखलावर अडकण्याचा संभव निर्माण होईल. खाडीतील कामात आतल्या बाजूसही निरीक्षक असणे म्हणूनच आवश्यक. पॉरपॉइजाच्या बाबतीत तर नजरेवर विसंबणे व्यर्थ होय. त्याची टिकटिक टिपणारी यंत्रे पाण्यात ठेवावी लागतात, आणि तीही दाट अंतराने, कारण इतक्या उच्च कंपनसंख्येचा ध्वनी समुद्राचे पाणी किलोमीटरमागे सुमारे ४० डेसिबल या प्रमाणात शोषून घेते.

परंतु पडदा व निरीक्षक यांच्याही आधी बांधकामाची पद्धत येते, आणि अभियंत्याच्या हाती खरी सत्ता येथेच आहे. ठोकण्याऐवजी छिद्र पाडून त्यात काँक्रीट भरलेला पाइल कितीतरी शांत असतो. कंपनयंत्राने पाइल उतरविल्यास शिखरदाब टळतो. मात्र त्याचा अखंड घरघराट प्राण्यांचे परस्परांतील आवाज झाकून टाकतो, आणि भारक्षमता पडताळण्यासाठी शेवटी काही आघात घणाचे द्यावेच लागतात. कोकणात काळा पाषाण अनेक ठिकाणी तळाच्या थोड्याच खाली लागतो. तेथे छिद्र पाडण्याची पद्धत अभियंत्यास स्वतःच्या कारणांसाठीही सोयीची पडते. याच पाषाणामुळे जलमार्ग खोल करताना सुरुंगाचा मोह होतो. सुरुंगाची दाबलाट इतकी आकस्मिक असते की हळुवार आरंभास तेथे जागाच नाही. तेथे एकेका स्फोटात सेकंदाच्या अंशांचे अंतर राखणे, छिद्रे खडीने घट्ट बुजविणे आणि क्षेत्र रिकामे असल्याची खात्री करणे एवढेच हाती राहते.

अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आणि भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा हे दोन्ही १९७२ सालचे. पहिल्यात 'उपद्रव' या कल्पनेची व्याख्या होत होत ती डेसिबलांच्या आकड्यांपर्यंत पोहोचली: आघाती ध्वनीसाठी १६०, अखंड ध्वनीसाठी १२०. अमुक पातळीचा ध्वनी म्हणजे उपद्रव असे आकड्यांत सांगितल्याखेरीज निविदेत अट घालता येत नाही, आणि निविदेत नसलेली अट कंत्राटदारावर बंधनकारक होत नाही.

वाढवणसारख्या कामात असा आकडा ठरवावयाचा तर घण वा सुरुंग चालण्यापूर्वीची नैसर्गिक ध्वनिपातळी ठाऊक असली पाहिजे. तीत लाटांचा, कोळंब्यांच्या कडकडाटाचा व मच्छीमारांच्या यंत्रनौकांचा ध्वनी मिसळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्या दोन महिन्यांत नौकांचा आवाज थांबतो, पण पावसाळी लाटा व वारा वाढतात. म्हणून बंदीपूर्वीची व नंतरची मोजणी निराळी ठेवावी लागते. किमान एक पूर्ण वर्षाची नोंद, तीही बांधकामाच्या जागी व तिच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या तुलनास्थळी एकाच वेळी, घेतली गेली तरच पुढे डॉल्फिनांची संख्या घटल्यास त्या घटीपैकी किती घणाची, किती जाळ्यांची आणि किती ऋतूची, हे वेगळे करता येईल.