विश्लेषण : सात फूट दोन इंच आणि ५२वा क्रमांक… सतनाम सिंगची ‘एनबीए’ निवड योग्य होती का?

जून २०२५ च्या ‘एनबीए’ ड्राफ्टमध्ये चीनच्या यांग हानसेनचे नाव १६व्या क्रमांकावर पुकारले गेले आणि अमेरिकेतील बास्केटबॉलप्रेमींमध्ये दोन तट पडले. उंची ७ फूट १ इंच, वय जेमतेम १९, चिनी लीगमधला अनुभव. बहुतेक जाणकारांनी त्याला दुसऱ्या फेरीतला खेळाडू मानले होते. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने मात्र त्याच्यासाठी पहिल्या फेरीतली निवड खर्ची घातली. खेळ पाहून घेतला की चीनची बाजारपेठ पाहून, हा प्रश्न त्याच रात्री सुरू झाला.

भारतीय चाहत्यांना हा प्रश्न नवा नाही. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्सने पंजाबच्या सतनाम सिंग भमाराला ५२व्या क्रमांकावर निवडले, तेव्हाही हेच दोन तट पडले होते. सतनाम ‘एनबीए’च्या नियमित हंगामात एकही मिनिट खेळला नाही. त्यामुळे आज मागे वळून ‘निवडच चुकली’ म्हणणे सोपे आहे. पण त्या रात्रीचा हिशेब मांडला, तर उत्तर इतके सरळ येत नाही.

ड्राफ्ट नेमका चालतो कसा?

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी सर्वात मोठा फरक म्हणजे इथे बोली लागत नाही. ‘एनबीए’मध्ये ३० संघ आहेत. आदल्या हंगामात खालच्या स्थानी राहिलेल्या संघांना सोडतीच्या मदतीने वरचे क्रमांक मिळतात आणि प्रत्येक संघ आपली पाळी आली की एक नाव उच्चारतो. फेऱ्या दोन. २०१५ मध्ये एकूण ६० नावे पुकारली गेली.

खरी गोम दोन फेऱ्यांमधल्या फरकात आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या श्रेणीनुसार हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. संघाला मिळतो तो फक्त हक्क, म्हणजे हा खेळाडू ‘एनबीए’त आला तर आधी आमच्याकडे. करार द्यायचा की नाही, हे नंतर ठरते. सतनामच्या निवडीवर तावातावाने बोलणाऱ्या अनेकांनी ही गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. निवड झाली म्हणजे सतनाम डॅलसच्या संघात गेला, असा समज आपल्याकडे बऱ्याच बातम्यांनीही करून दिला.

सतनाम तिथवर पोहोचला कसा?

पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातले बल्लो के हे छोटे गाव. वडील बलबीर सिंग शेतकरी, तेही सात फुटांच्या वर. मुलगा वर्गातल्या सगळ्यांपेक्षा हातभर उंच वाढू लागला, तशी त्याची रवानगी लुधियाना बास्केटबॉल अकादमीत झाली. तिथले प्रशिक्षक एस. सुब्रमणियन यांच्या हाताखाली पंजाबच्या खेडोपाड्यांतली अशी कितीतरी उंच पोरे घडली. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स शिष्यवृत्तीवर सतनाम फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. वय १४. इंग्रजी येत नव्हते आणि शरीर वाढायचे थांबले नव्हते.

पाच वर्षांनी, १९ व्या वर्षी, उंची ७ फूट २ इंच म्हणजे साधारण २१८ सेंटिमीटर आणि वजन १३० किलोच्या घरात असताना त्याने ड्राफ्टसाठी नाव दिले. अमेरिकी महाविद्यालयात तो खेळला नव्हता. कुठल्या व्यावसायिक लीगमध्येही नाही. २००५ मध्ये ‘एनबीए’ने शाळेतून थेट येण्याची वाट बंद केल्यानंतर अशा पार्श्वभूमीवर निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. भारतात जन्मलेला पहिला, हे वेगळे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते?

पहिला आक्षेप सरळ होता. ज्याने मोठ्या पातळीवर काही करून दाखवलेले नाही, त्याला केवळ उंचीवर जागा का द्यायची? महाविद्यालयात चार वर्षे घाम गाळलेली मुले निवडीविना घरी गेली होती. याचे सर्वात बोचरे उदाहरण म्हणजे टी. जे. मॅककॉनेल. ६ फूट १ इंच उंचीचा, अॅरिझोना विद्यापीठाचा हा गार्ड त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये उतरला होता. ६० पैकी एकाही निवडीत त्याचे नाव आले नाही. नंतर फिलाडेल्फियाने त्याला साधा करार दिला, आणि दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, तो इंडियाना पेसर्सकडून ‘एनबीए’ची अंतिम मालिका खेळत होता.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा. सव्वाशे कोटींच्या देशातला पहिलावहिला खेळाडू म्हणजे जर्सी, प्रक्षेपण, प्रायोजक हे ओघाने आलेच. त्या दोन-अडीच महिने आधीच, एप्रिल २०१५ मध्ये, भारतीय वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून मैदानात उतरला होता. उंची ७ फूट ५ इंच, करार दहा दिवसांचा, एकूण सामने तीन. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्यामुळे ‘भारत विकायला काढलाय’ ही शंका तेव्हा हवेतच होती आणि सतनामच्या निवडीने तिला खाद्य मिळाले.

तिसरा आक्षेप खुद्द भारतातून आला आणि तो सर्वात विचार करायला लावणारा आहे. जुलै २०१४ मध्ये वुहानमध्ये झालेल्या आशिया चषकात भारताने चीनला ६५-५८ असे हरवले. चीनविरुद्धचा तो पहिलाच विजय. त्या संघाचा कणा होते अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग. दोघेही उंच, दोघेही लुधियानाच्याच मुशीतले, आणि त्या क्षणी सतनामपेक्षा कितीतरी तयार. मग पहिला मान त्यांचा नव्हता का?

याचे उत्तर ड्राफ्टच्या स्वभावात आहे. संघ आजचा खेळाडू विकत घेत नाहीत. पाच वर्षांनी तो काय होईल, यावर डाव लावतात. अमज्योत आणि अमृतपाल विशी ओलांडून गेले होते आणि त्यांची वाढ बहुतांश दिसून चुकली होती. १९ वर्षांच्या सतनामची पाटी कोरी होती. कोरी पाटी भरलेल्या पाटीपेक्षा महाग जावी, हा अन्याय वाटतो खरा. पण या बाजाराचा भाव तसाच ठरतो.

मग डॅलसने त्याला का घेतले?

कारण गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. सतनामनंतर त्या रात्री आठ नावे पुकारली गेली. सरडॉमिनिक पॉइंटर, डॅनियल डिएझ, कॅडी लालान, ब्रँडन डॉसन, निकोला रादिचेविच, जे. पी. टोकोटो, दिमित्रिस अग्रवानिस आणि लुका मित्रोविच. यांपैकी ‘एनबीए’चा नियमित सामना खेळायला मिळाला तो एकट्या डॉसनला, आणि तोही लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून मोजक्याच सामन्यांत. म्हणजे डॅलसने सतनामऐवजी यांपैकी कोणालाही घेतले असते तरी निकाल जवळपास तोच लागला असता. ५२व्या क्रमांकाचे हे खरे मोल. मॅककॉनेल हातचा गेला हे खरे, पण त्याला तर सगळ्यांनीच सोडले होते. तोवर आपल्या साऱ्या पाळ्या संपवून बसलेल्या संघांनीही.

दुसरे कारण डॅलसच्या इतिहासात सापडते. उंच परदेशी खेळाडूवर डाव लावण्याची या संघाला जुनी खोड आहे. १९९८ मध्ये मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर निवडलेला एक जर्मन पोरगा डॅलसने अदलाबदलीत पदरात पाडून घेतला. तो डर्क नोवित्स्की. पुढची २१ वर्षे तो याच संघात राहिला आणि २०११ मध्ये त्याने विजेतेपद मिळवून दिले. १९९९ मध्ये ३६व्या क्रमांकावर याच संघाने वांग झिझीला निवडले. ‘एनबीए’त खेळलेला तो पहिला चिनी. २००४ मध्ये ७ फूट ५ इंचांचा रशियन पावेल पोडकोल्झिन, निवड २१वी, युटाकडून मिळवलेला. तो दोन हंगामांत मिळून सहा सामने खेळला. पोडकोल्झिनच्या तुलनेत सतनाम फारच स्वस्तात पडला, असे म्हणायला हरकत नाही.

बाजारपेठेचा विचार डॅलसने केलाच नसेल, असे मात्र कोणी म्हणू नये. दोन नावे सारख्याच तोलाची असतील आणि त्यातल्या एकामागे अख्खा देश उभा असेल, तर संघाचा मालक दुसरे नाव कशाला घेईल?

त्याच रात्री हुर्यो कोणाची उडाली?

सतनामची नव्हे. ५२वे नाव येईपर्यंत ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमधली गर्दी बरीच पांगलेली असते. हुर्यो उडाली ती चौथ्या नावाची. न्यू यॉर्क निक्स त्या हंगामात ८२ पैकी ६५ सामने हरले होते, म्हणजे त्यांच्या इतिहासातली सर्वात वाईट कामगिरी. चाहत्यांना लगेच खेळेल असा, ओळखीचा चेहरा हवा होता. नाव आले क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस. लाटव्हियाचा, स्पेनमध्ये सेव्हियाकडून खेळणारा, ७ फूट ३ इंच, काडीसारखा. निक्सची टोपी घातलेला एक लहानगा रडताना कॅमेऱ्यात टिपला गेला आणि ते दृश्य जगभर फिरले.

पहिल्याच हंगामात पोर्झिंगिसने सरासरी १४.३ गुण आणि ७.३ रिबाउंड मिळवले. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला. हुर्यो उडवणारेच मग त्याच्या जर्सी घालून फिरू लागले. पण गोष्ट तिथे संपत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, वर्षभरात निक्सने त्याला डॅलसला देऊन टाकले, आणि विजेतेपद त्याला मिळाले ते २०२४ मध्ये बोस्टनकडून. आता निक्सच्या दृष्टीने ती निवड बरोबर की चूक? ज्या वर्षी विचाराल, त्या वर्षी उत्तर वेगळे मिळेल.

उंचीचे गणित कुठे चुकले?

सतनामच्या बाबतीत घात केला तो वेळेने. ड्राफ्टच्या अवघे नऊ दिवस आधी, १६ जून २०१५ रोजी, गोल्डन स्टेट वॉरियर्सने क्लीव्हलँडला हरवून विजेतेपद पटकावले. मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर त्यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढले आणि ६ फूट ६ इंचांच्या आंद्रे इग्वोडालाला आणले. त्यानंतरचे तिन्ही सामने वॉरियर्सने जिंकले. बोगट हा ऑस्ट्रेलियाचा, २००५ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. अशा माणसाला बाकावर बसवून संघ जिंकतो, ही सगळ्या लीगला मिळालेली नोटीस होती.

यामागचे तंत्र समजून घ्यायला हवे. पूर्वी उंच सेंटरचे काम बास्केटखाली ठाण मांडण्याचे होते. आता आक्रमक संघ ‘पिक अँड रोल’ करतो. एक खेळाडू भिंतीसारखा आडवा उभा राहतो, चेंडू असलेला गार्ड त्याच्या आडोशाने निसटतो, आणि बचाव करणाऱ्या सेंटरला बास्केट सोडून बाहेर, थ्री-पॉइंट रेषेपर्यंत, यावे लागते. तिथे त्याची गाठ चपळ गार्डशी. सेंटर मागे राहिला तर गार्ड दुरून तीन गुण मारतो, पुढे धावला तर बगलेतून निघून जातो. अशा वेळी २१८ सेंटिमीटर उंचीपेक्षा पावले किती झटपट वळतात, हे महत्त्वाचे ठरते. १३० किलोंचे शरीर तिथेच अडते. सतनामचा हात हलका होता, मध्यम अंतरावरून तो बरा नेम साधायचा. अडचण पायांची होती.

पोर्झिंगिस टिकला तो याच कसोटीवर. सात फुटांच्या वर असूनही तो थ्री-पॉइंटर मारतो, त्यामुळे समोरच्या सेंटरलाच बाहेर यावे लागते. उंची दोघांकडेही होती. एकाची नव्या खेळाला चालली, दुसऱ्याची जुन्या खेळातली राहिली.

पुढे सतनामचे काय झाले?

डॅलसकडून तो समर लीग खेळला. मग डी-लीगमधल्या टेक्सस लेजंड्स संघात दोन हंगाम. पहिल्या हंगामात सरासरी दीड गुणाच्या आसपास. तिथून भारतातली यूबीए लीग आणि कॅनडातला सेंट जॉन्स एज संघ. नोव्हेंबर २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेच्या तयारी शिबिरातल्या चाचणीत तो उत्तेजक सेवनात दोषी आढळला आणि ‘नाडा’च्या समितीने दोन वर्षांची बंदी घातली. बास्केटबॉल तिथेच सुटले. २०२१ मध्ये त्याने ‘एईडब्ल्यू’ या अमेरिकी कुस्ती कंपनीशी करार केला आणि एप्रिल २०२२ मध्ये तो टीव्हीवर दिसला. उंची तिथेही कामी आली.

भारताच्या पदरात काय पडले?

मे २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात ‘एनबीए’ची अकादमी सुरू झाली. तिथला प्रिन्सपाल सिंग जी लीगच्या इग्नाइट संघात गेला आणि २०२१ मध्ये समर लीग जिंकणाऱ्या किंग्जच्या चमूत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांच्यात हंगामपूर्व दोन सामने झाले. पहिला पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. प्रेक्षकांत ज्युनिअर एनबीए उपक्रमातली शाळकरी मुले होती. पाहुण्या पेसर्सच्या त्या मोसमातल्या संघात मॅककॉनेलही होता, ज्याला २०१५ मध्ये कोणी निवडले नव्हते.

यांगचा हिशेब अजून मांडायचा आहे. मेम्फिसशी केलेल्या अदलाबदलीत पोर्टलंडने ११व्या क्रमांकाची निवड सोडली, पण त्याबदल्यात यांगबरोबर भविष्यातली एक पहिल्या फेरीतली आणि दोन दुसऱ्या फेरीतल्या निवडी मिळवल्या. पहिल्या हंगामात तो मुख्य संघाबरोबरच जी लीगमधल्या रिप सिटी रिमिक्सकडूनही खेळला. सतनामनंतर भारतात जन्मलेल्या कोणाचेही नाव ड्राफ्टमध्ये पुकारले गेलेले नाही.